बारा मेंढ्यांच्या तारखा

जुन्नरला जाणारी माणसं शिवनेरी बघतात, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात आणि येताना द्राक्षं आणतात. माझ्या यादीत यांपैकी काहीच नव्हतं. माझ्याकडे होती दोन पेनं, टॉर्च, पाण्याच्या चार बाटल्या, एका रजिस्टरची झेरॉक्स, एक चिकटवलेलं पाकीट आणि वहीच्या शेवटच्या पानावर संशयितांची चार नावं.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. खरेदी, नोंदी, फ्रीझरच्या चाव्या आणि नळ्यांवरची लेबलं माझ्याकडे असतात. लेबलं मी स्वतः चिकटवते, ते काम दुसऱ्या कुणाला देत नाही. आमच्याकडे निखिल नावाचा विद्यार्थी पीएच. डी. करतो आहे. त्याचा विषय आहे, कोकरू आईच्या पोटात असताना त्याच्या मेंदूतली कोणती जनुकं कधी चालू होतात आणि कधी बंद. मला हा विषय यादीच्या भाषेत कळतो. शरीरातल्या प्रत्येक पेशीकडे जनुकांची पूर्ण यादी असते, सगळ्यांकडे तीच. पण कोणत्या दिवशी कोणत्या ओळीवर खूण करायची हे ठरलेलं असतं. आधी पेशी वाढवणाऱ्या ओळी, मग पेशींना आपापल्या जागी नेणाऱ्या, मग त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या. मेंढी यासाठी, की उंदराचा मेंदू गुळगुळीत असतो आणि मेंढीच्या मेंदूला आपल्यासारख्या घड्या पडतात, त्याही पोटातच.

त्यासाठी गाभण मेंढ्या लागतात, आणि गर्भ नेमका किती दिवसांचा आहे हे माहीत असावं लागतं. गेल्या वर्षी सगळ्या परवानग्या काढून आम्ही भिवाजी नावाच्या मेंढपाळाकडून वेगवेगळ्या आठवड्यांत बारा मेंढ्या घेतल्या. प्रत्येकीच्या बदल्यात दोन तरुण मेंढ्या दिल्या. तारखा विलासने लिहिल्या, त्यांवरून दिवस मोजून मी लेबलांवर वय छापलं. विलास पिंपळवंडीचा, जनावरांच्या दवाखान्यात काम केलेला आणि आमचा तिथला माणूस.

आता निखिलची मोजणी झाली आणि घोळ उघडा पडला. जनुकं सांगत होती ते वय आणि लेबलावरचं वय जुळेना. बहुतेक गर्भ लेबलापेक्षा लहान, कुणी चार दिवसांनी, कुणी पंधरा, एक तर पंचवीस. आणि एक चक्क लेबलापेक्षा मोठा निघाला, म्हणजे मेंढा कळपात सोडण्याआधीच मेंढी गाभण. शुक्रवारी बैठक होती. तारखा खोट्या ठरल्या तर बाराही नमुने फेकायचे, असं विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं. निखिलची चार वर्षं त्या बारा नळ्यांत होती. मी म्हटलं, मी जाऊन बघते.

निखिलने जनुकांवरून काढलेली वयं एका पाकिटात घातली आणि मी ते न बघता चिकटवलं. आकडे मला माहीत असले, तर माझ्या चेहऱ्यावरून समोरच्याला कळले असते.

पिंपळवंडी, सोमवार

विलासच्या घरी मासवडी होती. जुन्नर-आंबेगावात कुणी मासवडीचा आग्रह केला तर घड्याळ बघू नका. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी आणि तिच्याबरोबर झणझणीत रस्सा. नावात मास असलं तरी पदार्थ शाकाहारी. मी दोनदा घेतली. घेताना मनात आलंच, की इतका पाहुणचार कशासाठी?

जेवण झाल्यावर मी मूळ रजिस्टर मागितलं. अक्षर नीटनेटकं, खाडाखोड नाही. मला ते आवडलं नाही. शेतात उभं राहून लिहिलेल्या नोंदींवर कुठेतरी शेणाचा डाग हवा.

"हे घरी येऊन उतरवलंय का?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. तितं कच्चं लिवायचं, हितं पक्कं करायचं."

"कच्चं कुठंय?"

"ते फाडून टाकलं राव. पक्कं झाल्यावर कोन ठेवतंय?"

मी वहीत लिहिलं, 'कच्ची नोंद नष्ट', आणि शेवटच्या पानावर त्याच्या नावापुढे एक फुली मारली. बिल्ला क्रमांक, मेंढीचं वर्णन आणि 'मेंढा सोडल्याची तारीख' असे तीन रकाने होते. रकाने मीच आखून दिले होते. बाराही मेंढ्यांसमोर तारीख एकच होती.

"सगळ्या एकाच दिवशी?"

"मेंढा येकाच दिवशी सोडला की."

माझं माहेर सांगलीकडचं, घरात म्हशी. म्हैस माजावर आली की वडील तिला रेड्याकडे घेऊन जायचे आणि आल्यावर कॅलेंडरवर गोल करायचे. म्हैस एक, दिवस एक. त्यामुळे 'सोडल्याची तारीख' हा रकाना मला पुरेसा वाटला होता. बारा मेंढ्यांना एक तारीख याचंही मला नवल वाटलं नाही. माझा संशय तारखेवरच होता. ती खरी आहे याला पुरावा काय?

"भिवाजी कुठं आहे आत्ता?"

"पारगावला असंल. उसाकडच्या रानात."

'असंल' या शब्दाखाली मी रेघ मारली.

पारगाव, सोमवार दुपार

पारगावला पोचलो तेव्हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरला होता. तोड सुरू झालेली, तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या. गाडीच्या काचा वर ठेवा असं तीन जणांनी बजावलं, कारण तोड सुरू झाली की बिबट्या उसातून बाहेर पडतो. आमच्याकडे सांगलीत उसात साप निघाला तर बातमी होते. इथे बिबट्याबद्दल पाऊस येईल का अशा आवाजात बोलतात.

विलासने दाखवलेलं शेत रिकामं होतं. जमिनीवर लेंड्यांचा थर आणि जाळं बांधायच्या खुंट्यांची भोकं. शेताचे म्हातारे मालक बांधावर बसले होते.

"चार राती मेंढ्या बसवल्या व्हत्या," ते म्हणाले. "खत झ्याक पडलंय बगा. गेल्या त्या, आठ दिस झालं."

"कुठं गेल्या?"

"कोकनात. घाटघरावरनं नाणेघाट उतरायचा."

"कुणाला न सांगता?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुनाला सांगायचं वो? दर साली जात्यात. तुमी कोन, रेशनवाल्या का?"

मी विलासकडे पाहिलं. तो चपलेतला खडा काढत होता. मग त्याचा फोन वाजला आणि तो लांब, विहिरीपर्यंत गेला. पाठ आमच्याकडे करून, हात हलवत बोलला. मी वेळ लिहून ठेवली, तीन वाजून दहा मिनिटं. परत आल्यावर विचारलं, "कुणाचा होता?" तर म्हणाला, "घरचा." घरच्यांशी इतके हातवारे कोण करतं? त्याच्या नावापुढे मी दुसरी फुली मारली.

जुन्नर, मंगळवार

मुक्काम नारायणगावात केला. सकाळी मिसळ खाऊन जुन्नर गाठलं. घाटघरला जाणार असाल तर पेट्रोल जुन्नरलाच भरा आणि बिस्किटंही इथेच घ्या. पुढे मिळतील असं कुणी सांगितलं तरी घ्या.

बाजारात सुभाषशेठचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले. शेठ स्वतः इतकं ठसक्यात मराठी बोलतात, की गल्ल्यामागचा महावीरांचा फोटो पाहिला नसता तर मला कळलंही नसतं. मेंढपाळ वाटेत इथेच सामान भरतात, हे विलासने आदल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं. त्याला गाडीत बसवून मी एकटीच दुकानात शिरले.

"भिवाजी मेंढपाळ? परवाच येऊन गेला. मीठ, चहा, साखर, काड्यापेट्या."

"आणखी काय नेतो? इतर वेळी?"

"जेठात गेरू नेतो की. लाल गेरू. दोन-दोन किलो."

मी वही उघडली. "गेरू कशाला?"

"जनावराला लावायला."

"म्हणजे रंग बदलायला? एक मेंढी दुसरीसारखी दिसावी म्हणून?"

शेठ हसायलाच लागले. "ताई, तुम्ही पोलीस खात्यातल्या का? मला गेरू विकण्यापुरतं माहीत. पुढचं त्यांना विचारा."

मग त्यांनी माझं काम विचारलं. मी सांगितलं. पोटातल्या कोकराचा मेंदू, जनुकं, दिवस.

"म्हणजे मेंढी मारूनच ना?"

"हो."

वजनकाट्यावरची मिठाची कणी शेठनी बोटाने टिपली. मग म्हणाले, "मग निदान तारखा तरी नीट लिहा."

मी पैसे देऊन बिस्किटं घेतली आणि निघाले. त्यांच्या त्या वाक्याचा मला रागच आला. चूक तारखा लिहिणाऱ्यांची होती आणि ऐकून मी घेत होते.

घाटघर, मंगळवार-बुधवार

जुन्नर सोडलं की तासाभरात मुलूख बदलतो. उसाची हिरवी भिंत संपते आणि कापलेल्या भाताची पिवळी खाचरं सुरू होतात. पलीकडे जीवधनचा काळा कडा. वारा इतका, की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लागले. विलासच्या ओळखीच्या घरी उतरलो. तिथे अंगणात हिरडा वाळत घातला होता आणि जेवायला तांदळाची भाकरी होती, पातळ आणि पांढरीशुभ्र. बाजरीच्या भाकरीपासून तासाभराच्या अंतरावर माणसं इतकी वेगळी भाकरी खातात, हे मला नवीन होतं.

संध्याकाळी नाणेघाट पाहून घेतला. घाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहन राणीचा शिलालेख आहे. बरोबरचे पर्यटक लिपीला हात लावून 'वॉव' म्हणत होते. मी माहितीफलक वाचला. तो लेख म्हणजे दानाची यादी आहे. कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे. राणीबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. तेवढ्यात माकडाने पिशवीतून केळी आणि एक पेन नेलं. म्हणून दोन पेनं.

बुधवारी सकाळी खाचरात कळप सापडला. भिवाजी उंच, पागोटं बांधलेला, कमी बोलणारा. त्याची बायको ठकूबाई चुलीशी होती. मला पाहून भिवाजी विलासला म्हणाला, "आल्या का तुझ्या मॅडम? दोन दिस खोळंबा केला राव तू. खालचं गवत दुसऱ्यांनी चारलं असंल आतापातूर."

"खोळंबा?" मी विचारलं.

"त्याचा मिसकॉल बगून म्या फोन लावला, तर म्हनला, मॅडम येत्यात, घाट उतरू नका, थांबा. लई भांडला माझ्याशी."

मी विलासकडे पाहिलं. तो या वेळीही चपलेकडेच बघत होता. "सांगितलं असतं तर तुमाला वाटलं असतं मी त्यास्नी पढवतोय," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मला तसंच वाटलं असतं. खरं तर अजूनही थोडं वाटत होतंच.

शेळीच्या दुधाचा चहा आला. मी थेट विषयाला हात घातला. मेंढा नक्की कधी सोडला? भिवाजीने ज्येष्ठातली तिथी सांगितली. माझ्या फोनमधल्या पंचांगाशी पडताळली, रजिस्टरशी बरोबर जुळली.

"त्याआधी मेंढा कळपात नव्हता?"

"व्हता की. पन त्याच्या पोटाखाली गोनपाट बांधल्यालं असतं. त्याला चढता येत न्हाई. ज्येष्ठात सोडायचं."

"आणि सोडलं की त्याच दिवशी सगळ्या गाभण?"

चुलीशी ठकूबाई हसली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड. "अवो बाई, मेंढा हाय त्यो, यष्टी न्हवं येका टायमाला समद्यास्नी न्यायला! मेंढी तिच्या माजावर आली की घेनार. कोनी दुसऱ्या दिशी, कोनी पंधरा-सतरा दिसांनी."

मी पेन खाली ठेवलं. चार दिवस, पंधरा दिवस. निखिलचे आकडे.

"मग कुठली कधी गाभण राहिली हे तुम्हाला कळतं कसं?"

"गेरूनं. मेंढ्याच्या छातीला गेरू-तेल माखायचं. सकाळी जिची पाठ लाल, ती राती फळली."

"हे विलासला का नाही सांगितलं?"

विलासच बोलला. "मला ठावं व्हतं मॅडम. पन तुमच्या कागदावर 'मेंढा सोडल्याची तारीख' व्हती. म्या इचारलं व्हतं तुमाला फोनवर, येकच तारीख लिवू का म्हनून. तुमी म्हनलात, रकान्यात जे इचारलंय तेच लिवा, जास्तीचं नको."

मला तो फोन आठवला. वाक्य माझंच होतं, मी सगळ्यांनाच सांगते. पण एवढ्याने बारा नळ्या वाचणार नव्हत्या. खऱ्या तारखा कुणी लिहिल्या नसतील तर नमुने तरीही निरुपयोगीच. शिवाय तो पंचवीस दिवसांचा फरक आणि मेंढा सोडण्याआधीचा तो एक गर्भ अजून तसेच होते. गोणपाट सैल झालं असेल आणि हे लपवत असतील, असं मी मनात धरून ठेवलं.

"लाल दिसली तो दिवस कुठं लिहिता?"

"लिवायला येतंय कुनाला?" ठकूबाई उठली आणि बिऱ्हाडाच्या घोड्यावरच्या गाठोड्यातून एक पिशवी काढून आणली. आत लोकरीचे दोरे होते. "लाल दिसली की गळ्यात दोरा. दर आटवड्याच्या बाजाराला येक गाठ. येकवीस गाठी झाल्या की व्यायला आली म्हनून वायली बांधायची. कोकरू पडलं की गाठी सोडायच्या आन् दोरा कोकराच्या गळ्यात."

"हे कोणते दोरे?"

"तुमी नेल्या त्या बाराच्या. नेताना काडून घेतलं."

"का ठेवलेत?"

तिने दोऱ्यांकडे पाहिलं. "गाभन मेंढी कोन देतं बाई? आमच्यात न्हाई देत. ह्यांनी सबूद दिला म्हनून दिल्या. कोकरू झालं न्हाई, गाठी सोडायच्या कुनासाठी?"

भिवाजी उठून कुत्र्याला उगीचच हाकलू लागला.

मी परीक्षा ठरवली. रजिस्टरमधलं मेंढीचं वर्णन मी वाचायचं, ठकूबाईने दोरा द्यायचा, गाठी मी मोजायच्या. मोजून झाल्यावरच पाकीट उघडायचं. 'एक, कान फाटकी' म्हटलं की ती दोरे चाचपून एक पुढे करी. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण दोरा कसा वळलाय, लोकर काळी की करडी, यावरून मेंढी ओळखत होती. मी प्रत्येक दोरा दोनदा मोजला. कान फाटकीच्या पाच गाठी. पाच आठवडे, वर थोडे दिवस.

पाकीट फोडताना वाऱ्याने कागद उडायला नको म्हणून विलासने दोन्ही कोपरे धरले. पहिली ओळ, छत्तीस दिवस. पाच गाठी आणि वर एक दिवस. दुसरी जुळली. तिसरी जुळली. सहाव्या ओळीपर्यंत विलासचा अंगठा कागदावर पांढरा पडला होता.

सातवी जुळली नाही. 'काळतोंडी'च्या दोऱ्याला अकरा गाठी, जनुकं म्हणत होती छप्पन्न दिवस. आठवी जुळली. नववी नाही. आठ गाठी, आणि जनुकं म्हणत होती एकोणऐंशी. हीच ती, मेंढा सोडण्याआधीची. पुढच्या तिन्ही जुळल्या.

"इथं चुकलात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. "सात आणि नऊचे दोरे तुम्ही उलटे दिलेत."

ठकूबाईने अकरा गाठींचा दोरा हातात घेतला. "न्हाई. ही काळतोंडी. हिच्या पोटात जोडी व्हती. दोन्ही कुशी भरल्या व्हत्या, हातानं चाचपल्यात म्या. जा, तुमच्या डब्यात बगा."

घाटघरात रेंज एकाच टेकाडावर येते. चढताना माझ्या डोक्यात फक्त एक प्रश्न होता, ही बाई इतक्या ठामपणे का बोलते आहे? निखिलने फोन लगेच उचलला.

"निखिल, जुळे गर्भ कोणत्या नळीत आहेत?"

"नऊमध्ये. नऊ-अ, नऊ-ब."

"सातमध्ये?"

"एकच. का? मॅडम, तारखा मिळाल्या का? सांगा ना."

सातव्या मेंढीच्या पोटात जुळी होती आणि आमच्या फ्रीझरमध्ये ती नऊ नंबरच्या नळ्यांत होती. सात आणि नऊ वेगवेगळ्या आठवड्यांत आल्या होत्या, म्हणून उलटं लेबल लागलेला गर्भ मेंढा सोडण्याआधीचा वाटला; पण दोघींच्या नळ्या पक्क्या डब्यात एकाच दिवशी हलवल्या होत्या. त्या दिवशी नवी लेबलं छापून मी टेबलावर ठेवली होती आणि मीच चिकटवली होती. ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

"मिळाल्या," मी म्हटलं. "बाराच्या बारा. सात आणि नऊची लेबलं उलटी लागलीत. माझ्या हातून. शुक्रवारच्या बैठकीत हे मी सांगेन."

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली. मग तो रडतो आहे हे कळलं, आणि मी त्याला नळ्यांना हात न लावण्याबद्दल दोन सूचना देऊन फोन ठेवला.

खाली आल्यावर ठकूबाईला सांगितलं. ती जिंकल्यासारखी हसेल असं वाटलं होतं, पण तिने विचारलं, "येवड्याशा डोक्यात बगता तरी काय?"

मी यादीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "आमचं कोकरू पडलं की घटकंत उटतंय," ती म्हणाली, "आन् शंभरात आईचा आवाज वळखतंय. मानसाचं लेकरू वरीस लावतं. मंग कोकरू शिकलं कवा? पोटातच की." बैठकीत निखिलला तीन स्लाइड लागतात ते तिने भाकरी उलटताना सांगितलं.

पुरावा म्हणून मी दोरे मागितले. तिने दिले नाहीत. "फोटू काडा," म्हणाली. मी बाराही दोरे खाचरातल्या दगडावर ओळीने मांडून फोटो काढले. तिने ते एकेक उचलून पिशवीत ठेवले, गाठी न सोडता.

निघण्याआधी मी वहीचं शेवटचं पान उघडलं. विलास, भिवाजी, ठकूबाई, निखिल. चारही नावं खोडली, पाचवं लिहिलं. खाली नव्या फॉर्मचे रकाने आखले, 'लाल दिसल्याचा दिवस' आणि 'गाठी', आणि त्यांच्याखाली एक मोकळी जागा ठेवली. तिथे विलासला रकान्यात न विचारलेलं लिहिता येईल.

मेंढ्या घाटाच्या तोंडाशी आल्या. दोन्ही बाजूंनी कातळ असल्याने त्यांना दोन-दोन करूनच उतरावं लागतं, मोजायला सोपं. मी मोजल्या, दोनशे एकवीस.

"किती झाल्या?" भिवाजीने विचारलं.

"दोनशे एकवीस."

"बावीस," तो म्हणाला आणि काठी खांद्यावर टाकून उतरायला लागला.

मी वहीत दोनशे बावीस लिहिलं.